दांड्यासकट सत्तर फूट

ट्रेलरची घरं ओढून नेण्यात माझी एकतीस वर्षं गेली. घराच्या पुढच्या टोकाला लोखंडी दांडा असतो, तो ट्रकला अडकवायचा आणि घर घेऊन निघायचं. आमच्या धंद्यात घराची लांबी सांगतात ती या दांड्यासकट. सत्तर फुटी घर म्हटलं की सहासष्ट फूट घर आणि चार फूट दांडा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. असं का, ते मला विचारू नका. रस्त्यावर वळण घेताना दांडाही मोजावा लागतो, म्हणून पडली असेल रीत. हे आधीच सांगून टाकतो, कारण हेल्मी कँगसची जागा गेली ती या चार फुटांपायी, आणि अर्जावर सत्तर हा आकडा लिहिणारा हात माझा होता.

हेल्मी आमच्या टॅमरॅक कोर्ट नावाच्या पार्कात, म्हणजे ट्रेलरच्या घरांच्या वसाहतीत, चौदा नंबरवर राहायची. पार्कात एकतीस घरं, घर आपापलं आणि जागा भाड्याची. मी पंधरा नंबरला, म्हणजे तिचा सख्खा शेजारी. नवरा रायनो लोखंडाच्या खाणीत होता, जाऊन अकरा वर्षं झालेली. ती शाळेच्या स्वयंपाकघरात. अठ्ठावीस वर्षं तिनं गावातली पोरं जेवू घातली. कोण वाटाणे खाली टाकतं, कुणाच्या पोटात सकाळपासून काही नाही, हे तिला तोंडपाठ. बोलणं मात्र मोजून मापून. मी तोंडाळ, ती घुमी. मी दहा वाक्यं बोललो की ती एक बोलायची आणि माझी दहाही वाया जायची.

टापटिपीचं तिला वेडच होतं. रात्री बर्फ पडलं की सकाळी सहाला हिचं फावडं वाजायला लागे. आधी स्वतःच्या पायऱ्या, मग सगळ्यांच्या टपालपेट्यांची रांग, आणि मग माझ्या दारात उभी राहून माझं काम बघणार. ‘‘वेंडेल, तू बर्फ काढत नाहीस. तू ते हलवतोस,’’ असं एकदा म्हणाली ते पार्कात अजून सांगतात.

घरामागे रायनोनं देवदाराची सॉना, म्हणजे घाम काढायची खोली, बांधली होती. बारा फूट बाय आठ फूट, आत लाकडाची शेगडी आणि वर तापायला दगड. दर शनिवारी तीनला तिचं धुराडं सुरू व्हायचं. आम्ही पाचसहा जण पाळीपाळीनं आत बसून घाम काढायचो आणि मग हेल्मीच्या टेबलाशी कॉफी आणि वेलदोडे घातलेला गोड पाव. कित्येक शनिवारी कुणी काही बोलायचंही नाही, आणि तरी बरं वाटायचं.

तिचं घर चौऱ्याहत्तर सालचं. न्हाणीघराची जमीन पायाखाली दबायची, छपराला तीन ठिकाणी ठिगळं. शेवटी बहात्तराव्या वर्षी तिनं मन घट्ट केलं आणि अकरा मैलांवरच्या विक्रेत्याकडून दुसरं घर घेतलं, आठ वर्षं वापरलेलं, सत्तर फुटी. बघायला मी बरोबर गेलो होतो. मी खाली वाकून चौकट, आस, गंज बघत होतो. ती आत गेली ती बाहेर येईना. जाऊन बघतो तर सिंकपुढे उभी. सिंकच्या वर खिडकी होती.

‘‘चाळीस वर्षं भिंत बघत भांडी घासली,’’ म्हणाली. ‘‘इथून सॉना दिसेल. धूर निघाला की नाही ते भांडी घासता घासता कळेल.’’

एवढंच तिला हवं होतं, चौदा नंबरवर ते घर आणि त्या घराची ती खिडकी.

आता नियम सांगतो, त्याशिवाय पुढचं समजायचं नाही. आमचा पार्क अडुसष्ट सालचा. गावानं झोनिंगचे, म्हणजे कुठे काय बांधायचं याचे, नियम केले एक्क्याण्णवमध्ये आणि आमचा सगळा भाग पक्क्या घरांसाठी, अर्ध्या अर्ध्या एकराच्या तुकड्यांसाठी राखून ठेवला. आम्ही आधीपासून होतो म्हणून आम्हाला काढलं नाही, चालवून घेतलं. पाहुण्यानं फार दिवस मुक्काम ठोकला की यजमान जसं चालवून घेतो, तसं. पण त्यात एक मेख मारून ठेवली. पार्कातली कुठलीही जागा सलग एकशे ऐंशी दिवस घराविना राहिली, की तिचा जुना हक्क संपला. मग तिथे ट्रेलरचं घर पुन्हा कधीच ठेवायचं नाही. आम्हाला त्याची भीती नव्हती. जुनं घर जाऊन नवं यायला पंधरा दिवस लागतात, फार तर महिना. आणि जुनं हलल्याशिवाय नवं आत शिरणार कसं? शिवाय खालचा काँक्रीटचा ओटा जमीन गोठायच्या आत तपासून घ्यावा लागतो. म्हणून इथे सगळे आधी जुनं काढतात, ओटा झाडून ठेवतात आणि मग अर्ज टाकतात. हेल्मीनंही तेच केलं. सहा ऑक्टोबरला जुनं घर गेलं, आणि ती बॅगा घेऊन भाचीच्या घरी, तिच्या शिवणाच्या खोलीत राहायला गेली. दोन आठवड्यांसाठी.

अर्ज मी भरला. हेल्मी म्हणाली, तुझ्या धंद्यातलं आहे, तूच भर. लांबी विचारली होती, मी लिहिलं सत्तर. पेन जरासुद्धा अडखळलं नाही.

नगर कार्यालयात झोनिंगचं काम मार्लिस डेव्हो बघते, आठवड्यातून दोन दिवस. बाई वाईट नाही. लहानपणी हेल्मीच्या हातचं जेवलेली. पण कागदाबाहेर पाऊल टाकायचं म्हटलं की तिला घाम फुटतो. तीन आठवड्यांनी तिचं पत्र आलं, अर्ज नामंजूर. चौदा नंबरची जागा अठ्ठ्याऐंशी फूट लांब. पुढे दहा, मागे दहा फूट सामासिक अंतर सोडायचं, उरले अडुसष्ट. घर सत्तर. दोन फूट जास्त.

मी पत्र घेऊन तसाच गेलो, हेल्मीही बरोबर आली. मी मार्लिसला म्हटलं, अगं बाई, घर सहासष्टच आहे, उरलेला दांडा. घर बसवलं की दांडा काढून टाकतात, तुमच्याच नियमात लिहिलंय काढा म्हणून. दोन फूट जास्त कसले, उलट दोन फूट शिल्लक राहतायत.

तिनं शांतपणे तीन कागद टेबलावर ठेवले. माझा अर्ज, विक्रेत्याची पावती, घराच्या मालकीचा दाखला. तिन्हींवर सत्तर.

‘‘सगळेच तसं लिहितात,’’ मी म्हणालो. ‘‘रीत आहे ती.’’

‘‘असेल. पण मी सत्तराला सहासष्ट कशी म्हणू, वेंडेल? घर बनवणाऱ्या कारखान्याचं पत्र आणा, दांडा सोडून लांबी किती ते लिहिलेलं. मग झोनिंगच्या मंडळापुढे ठेवते.’’

‘‘टेप घेऊन चल, मोजून दाखवतो.’’

‘‘घर दुसऱ्या जिल्ह्यात उभं आहे. तिथं मोजायचा मला अधिकार नाही.’’

म्हणजे घर इथे आणल्याशिवाय ही मोजणार नाही, आणि मोजल्याशिवाय घर इथे आणू देणार नाही. मी काहीतरी वाईट बोलणार होतो, पण हेल्मीनं माझा दंड धरला. बाहेर आल्यावर माझ्या तोंडाचा पट्टा सुटला तो गाडीपर्यंत. ती एवढंच म्हणाली, ‘‘मार्लिस वाटाणे खायची नाही. रुमालात बांधून ठेवायची. कुणी बघेल म्हणून घाबरलेली असायची नेहमी.’’

सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं म्हणतात ना. आमच्याकडे थांबायला सहा महिनेच होते.

मंडळाची बैठक महिन्यातून एकदा, तिसऱ्या गुरुवारी. नोव्हेंबरचा तिसरा गुरुवार हरणांच्या शिकारीच्या हंगामात येतो. त्या पंधरवड्यात आमच्याकडे माणूस मेला तरी पुरायला कुणी सापडत नाही, बैठक कसली होतेय. दरवर्षीप्रमाणे रद्द. डिसेंबरात वादळ आलं आणि पाचापैकी दोघेच पोचले, तीही रद्द. कारखान्याचं म्हणाल तर तो मधल्या काळात दुसऱ्या कुणीतरी विकत घेतलेला. मी फोन करायचो, तिकडून नुसतं थांबवून ठेवायचं संगीत वाजायचं. माझं फोनवरचं बोलणं ऐकून माझं कुत्रं पलंगाखाली जाऊन बसायला शिकलं.

आणि हेल्मी काय करत होती? ती रोज सकाळी भाचीच्या घरून गाडी काढून पार्कात यायची आणि रिकाम्या ओट्यावरचं बर्फ काढायची. काठापर्यंत, चारी कोपरे. लोक खिडकीतून बघायचे. कुणी म्हणालं, म्हातारीचं डोकं फिरलं. मी विचारलं तर म्हणाली, ‘‘जागा सोडलेली दिसता कामा नये.’’ शनिवारी तीनला सॉना पेटवायची, पण टेबल राहिलं नव्हतं, म्हणून कॉफी माझ्याकडे. माझ्या टेबलाशी बसल्यावर ती माझ्या सिंकमधली भांडी आधी घासून टाकायची. भिंतीकडे तोंड करून.

जानेवारीत बैठक एकदाची झाली. कारखान्याचं पत्र आलं नव्हतं. तेव्हा माझ्या सुपीक डोक्यातून एक कल्पना निघाली. विक्रेत्याला विचारून मी त्या घराचा दांडा बोल्ट काढून सोडवला. हरीण ओढून आणायची प्लॅस्टिकची घसरगाडी असते, तिच्यावर तो टाकला, आणि मी पुढून व हेल्मी मागून असे आम्ही दोघं तो सभागृहात घेऊन गेलो. जमिनीवर ठेवला तेव्हा असा आवाज झाला की अध्यक्षांच्या हातातली कॉफी सांडली.

‘‘हे तुमचे चार फूट,’’ मी म्हणालो. ‘‘मोजा.’’

अध्यक्ष मासेमारीच्या सामानाचं दुकान चालवतात, टेप त्यांच्या खिशातच असते. त्यांनी मोजलं. चार फूट अर्धा इंच. मला वाटलं, जिंकलो. मग एका सदस्यानं चष्मा पुसत विचारलं, हा दांडा त्याच घराचा कशावरून? बाकीच्यांनी माना डोलावल्या. कारखान्याचं पत्र आणा, म्हणाले. आणि जमिनीवरचा गंज पुसून जा.

गंज हेल्मीनं पुसला. मला तर टेबल उलटं करावंसं वाटत होतं.

फेब्रुवारीत पत्र निघालं होतं, पण पोचलं नव्हतं. तारीख अंगावर येत होती, चार एप्रिलला एकशे ऐंशी दिवस भरत होते. म्हणून हेल्मी त्या बैठकीत स्वतः उठली. सबंध हिवाळ्यात ती तिथं पहिल्यांदाच बोलत होती. कोट हातावर, टोपी मुठीत.

‘‘जागा रिकामी नाही,’’ ती म्हणाली. ‘‘मी रोज येते. बर्फ काढते. शनिवारी सॉना पेटते. रिकाम्या जागेतून धूर निघत नाही.’’

इतक्या वर्षांच्या शेजारात तिला इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं. मला वाटतं दोघंतिघं खरंच हलले. मग अध्यक्षांनी मार्लिसकडे बघितलं आणि मार्लिसनं नियमांची वही उघडली. तिचा चेहरा उतरला होता, हे मी नाकारणार नाही. तिनं वाचलं, जोडबांधकाम हे मुख्य घराच्या आधारानं राहतं. मुख्य घर नसेल तर जोडबांधकामही ठेवता येत नाही. म्हणजे सॉनाचा धूर जागा वाचवू शकत नव्हताच, उलट आता सॉना तिथं आहे हे मंडळाच्या नोंदीत आलं होतं, तेव्हा नोटीस काढणं भाग होतं. घर आलं नाही तर एक मेच्या आत सॉना हटवा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

हेल्मीनं टोपी घातली, कोट घातला आणि सगळ्यांना शुभरात्री म्हणून बाहेर पडली. गाडीत मला म्हणाली, ‘‘मी बोलायला नको होतं.’’ मी शिव्या दिल्या, दुसरं मला येतंय काय.

एकोणीस मार्चच्या बैठकीत कारखान्याचं पत्र वाचलं गेलं. दांडा सोडून लांबी सहासष्ट फूट. पाच विरुद्ध शून्य, अर्ज मंजूर. सवलतसुद्धा मागायला लागली नाही, कारण घर नियमात बसतच होतं. ऑक्टोबरातही बसत होतं. अध्यक्षांनी हेल्मीशी हात मिळवला आणि म्हणाले, बघा, रीतसर गेलं की होतं सगळं.

आणि त्याच आठवड्यात बर्फ वितळायला लागलं होतं. आमच्याकडचे रस्ते हिवाळाभर खालपर्यंत गोठून दगड होतात, आणि मार्चमध्ये वितळायला लागले की त्यांची खीर होते. मग रस्ते खातं खांबांवर पाट्या लावतं आणि मे उजाडेपर्यंत अवजड ओझं ओढायला बंदी. सतरा मार्चला पाट्या लागल्या. दोन दिवस आधी. ते घर तेव्हा अकरा मैलांवर उभं होतं, मंजुरीचा कागद हेल्मीच्या पिशवीत होता, आणि आमच्या हातात सोळा दिवस उरले होते.

मी रस्ते खात्याकडे गेलो. ते म्हणाले, आपत्कालीन असेल तर बघू, घर म्हणजे आपत्काल नव्हे. मी मार्लिसकडे गेलो. ती म्हणाली, मुदत वाढवायचा अधिकार मंडळाला दिलेलाच नाही, नियमात तशी ओळच नाही. पार्कच्या मालकाला फोन केला, तो फ्लोरिडात असतो. म्हणाला, एक जागा गेली तर गेली, पुढेमागे सगळंच विकायचं आहे. जो तो आपल्या जागी बरोबर होता. इतकी बरोबर माणसं एका वेळी मी कधी पाहिली नाहीत.

शेवटी मी माझ्या जुन्या जोडीदाराला विचारलं, ज्याच्याकडे अजून ट्रक आहे. पहाटे चारला निघू, अकरा मैल तर आहेत, कोण बघतंय. तो परवाना जाण्याच्या भीतीनं कां कूं करत होता, पण मी त्याला वळवला असता. हेल्मीनं मोडता घातला.

‘‘नको,’’ म्हणाली. ‘‘चोरून आणलेल्या घरात मला झोप लागणार नाही.’’

‘‘अगं, घर तुझं, जागा तुझी, कागद तुझ्या पिशवीत. चोरी कसली?’’

‘‘रस्ता माझा नाही. शाळेची बस त्याच रस्त्यानं जाते.’’

चार एप्रिलला ती सकाळी आली. बर्फ संपलं होतं, तरी तिनं ओटा झाडला. नेहमीसारखा, चारी कोपरे. मग केरसुणी माझ्या दाराशी टेकवून ठेवली आणि म्हणाली, ही तुला ठेव. दुपारी मार्लिस येऊन ओट्याचा फोटो काढून गेली. माझ्या दाराकडे बघून तिनं हात वर केला. मी केला नाही.

विक्रेत्यानं घर परत घेतलं. मे महिन्यात रस्ते सुटले तेव्हा ते दुसऱ्याच कुठल्या पार्कात गेलं. वाटेत मी ते पाहिलं, माझ्या समोरून वळलं. खिडकीवर प्लॅस्टिक लावलेलं होतं.

हेल्मीला गावातल्या म्हाताऱ्यांच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर खोली मिळाली. सॉना ठेवायची कुठे, तर भाचीच्या परसात, तिथे पक्कं घर आहे तेव्हा नियमाला चालतं. पण त्यालाही अर्ज लागतोच. एप्रिलच्या शेवटी मी कार्यालयात गेलो. मार्लिसनं कोरा अर्ज माझ्यापुढे सरकवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. नवी ओळ होती. लांबी, ओढायचा दांडा सोडून.

‘‘मंडळानं मान्य केलं,’’ ती म्हणाली. ‘‘मीच सुचवलं. मिसेस कँगसना सांगाल?’’

तिला शाबासकी हवी होती बहुतेक. डोळे लाल होते, हेही खरं. मी अर्ज भरला. बारा फूट लिहिताना मात्र पेन अडखळलं. सॉनाला दांडा नसतो हे मला चांगलं माहीत आहे, तरी मी दोनदा विचार केला.

माझ्या सपाट ट्रेलरवर सॉना घालून, तेवढं ओझं बंदीत येत नव्हतं, भाचीकडे सोडली, आणि परत येताना हेल्मीकडे वर गेलो. तिनं कॉफी दिली, वेलदोड्याचा पाव दिला. खोली स्वच्छ, टेबल नवं, सगळं ठीक. मी पाव खाऊन संपवला. मग ती कप घेऊन उठली. सिंक भिंतीला लागून होतं. तिची माझ्याकडे पाठ झाली, तेव्हा मला सांगायचा धीर आला. मी अर्जातल्या नव्या ओळीचं सांगितलं. आणि तो आकडा मी लिहिला होता, हेही सांगितलं, जसं काही तिला माहीतच नव्हतं.

नळ वाहत राहिला. तिनं एक कप घासला, विसळला, पालथा घातला. मग दुसरा घेतला.

‘‘चांगलं झालं,’’ ती म्हणाली. ‘‘पुढच्याला बरं पडेल.’’

तिनं मला चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.